बहिणीच्या हातचं मत

विलायतेतल्या निवडणुकीवर मी लिहावं हे धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, चुकलं तर सांभाळून घ्या. पण आज मतदान केलं आणि बोटावरच्या शाईचा वास घेताना आखातातल्या देऱ्यातलं आमचं ऑफिस आठवलं.

सत्त्याण्णव साल. मी तिथे टायपिस्ट होतो आणि पत्राद्वारे बी.ए. करत होतो. आमचे इंग्रज मॅनेजर चहाच्या वेळी आपल्या शहरातल्या मतदारसंघाचा इतिहास सांगत. जागा गिरणी कामगारांची, पण दोनदा विरोधकांकडे उलटलेली. या खेपेला त्यांचं मत तिकडे त्यांची बहीण देणार होती, परदेशी राहणाऱ्यांसाठीच्या रीतसर कायद्याने.

"पण सर, ती तर दुसऱ्या पक्षाची ना?"

"अगदी कट्टर," ते हसले. "पण मत माझं आहे."

खोलीवर माझ्यासोबत राहणारे सावंतकाका म्हणाले, "येडा काय रे तुझा साहेब? आत कोण बघायला जातंय? खलास त्याचं मत!"

मलाही तसंच वाटलं. निकालाच्या दिवशी न राहवून मी विचारलं, "सर, बहिणीने खरंच तुम्ही सांगितलं तिथेच दिलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "विचारलं नाही. का विचारू?"

मला ते भोळे वाटले. पुढच्या वर्षी आपल्याकडे निवडणूक झाली आणि महिन्याने घरून पत्र आलं. "तू नव्हतास, म्हणून तुझं मत दादानेच तुझ्या नावाने देऊन टाकलं. कुणाला, ते तो सांगत नाही."