मातामायच्या ठाण्यावर भेटलेली कासारीण

त्या दुपारी माझा गावदेवी मातामायवर राग होता. नाचणगावच्या शिवेवर, कडुनिंबाखालच्या तिच्या ठाण्यापुढे मी बसले होते, पण हात जोडले नव्हते. सकाळीच तहसीलच्या साहेबांना घेऊन मी जवळच्या एका वीटभट्टीवर गेले होते. तिथे छत्तीसगढकडची काही कुटुंबं डांबून ठेवलेली. आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही असं सांगून कुणाला फाटकाबाहेर जाऊ देत नव्हते. एक बाई दिवस भरत आलेली, तिलाही दवाखाना दाखवला नव्हता. साहेबांनी विचारलं तेव्हा मुकादम शेजारी उभा होता. सगळे खाली मान घालून म्हणाले, आम्ही राजीखुशीने राहतो. साहेब परत फिरले, आणि मला फाटकातून बाहेर काढण्यात आलं.

ते खोटं कुठून येतं हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर मीही अशाच एका दूरच्या भट्टीवर गेले होते. नवरा तापाने फणफणला तेव्हा मालकाने गाडी दिली नाही. तो तिथेच गेला, आणि मी मात्र राबतच राहिले. पुढे चौकशीला आलेल्या एका अधिकाऱ्यापुढे तोंड उघडलं म्हणून सुटले. हिंगणीला माहेरी परतले तेव्हाच ठरवलं होतं की जिवात जीव आहे तोवर इतरांना सोडवायचं. पण बंद फाटकापुढे माझा निर्धार काय कामाचा? मी मायला तसं बोलूनही दाखवलं.

तेवढ्यात डोक्यावर बांगड्यांचं टोपलं घेतलेली एक म्हातारी आली. धंद्याला निघण्याआधी मायला हिरव्या बांगड्या वाहण्याचा तिचा नेम होता. माझे डोळे पाहून ती शेजारी बसली.

"काऊन रडून राह्यली वो, माय?"

मी सगळं सांगितलं. तिने टोपलं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "त्या भट्टीवर मले कोनी अडवत नाई. बाया बांगड्या भरतात तं मुकादम दूर जाऊन बसते. हे टोपलं तू घे डोक्यावर, अन् पदर पुढं वढ."

भीती वाटली, पण उठले. फाटकावरच्या माणसाने आमच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. झोपडीच्या सावलीत बाया जमल्या. कासारीण मोठमोठ्याने हसत बांगड्या भरत होती, आणि मी त्या गरोदर बाईचा हात हातात घेऊन हळूच माझी हकिकत सांगत होते. मी नवऱ्याचं सांगत असताना तिने माझी बोटं घट्ट धरली.

"तुम बाहर कैसे निकली, दीदी?"

"साहब के सामने बोली, मुझे घर जाना है. डर बहुत लगा. फिर भी बोली."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तहसीलच्या दारात उभी राहिले, आणि साहेबांना घेऊनच हलले. या वेळी त्यांनी मुकादमाला फाटकाबाहेर थांबवलं. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती गरोदर बाई पोट सावरत पुढे आली आणि म्हणाली, "हमको घर जाना है, साहब." तिच्यामागून दुसरी बोलली, मग पुरुष बोलू लागले. संध्याकाळच्या आत सगळे बाहेर आले. तिला थेट वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या.

लोक विचारतात, ती कासारीण म्हणजे मातामायच का? मी तिच्या घरी जाऊन चहा पिऊन आले आहे. तिचे गुडघे दुखतात, सून तिच्याशी भांडते. ती माणूसच आहे. पण मी मायवर रुसून बसले होते, त्याच घटकेला ती त्याच ठाण्यावर आली, एवढंच मला ठाऊक आहे.

शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी आधी समजत होते. आता वाटतं, आपल्याला जमेल तेवढं सगळं करावं आणि फाटक कोण उघडेल ते मायवर सोडावं. सेलूकडे आणखी एक भट्टी आहे म्हणतात. उद्या सकाळच्या एसटीने निघते आहे. आत कशी जाणार ते मला अजून माहीत नाही. मायला एवढंच सांगून आले, "मी निघाली वो माय, आता तू पाह्य."