झिरो बाई

राख चाळताना माझी बायको तोंडाला पदर बांधायची, पण त्यानं तिचं बोलणं थांबलं असं कधी झालं नाही. त्या सकाळीही आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. भुशाच्या शेगडीतली आठवड्याची राख मी चाळणीत घेऊन हलवत होतो आणि खाली पडलेली बारीक राख ती लाखोळीच्या डाळीच्या दाण्यांत मिसळत होती. राखेत ठेवलेल्या लाखोळीला कीड लागत नाही. दरवर्षीचं काम. दरवर्षी मी चाळणी हळू हलवतो आणि दरवर्षी ती बोलते.

“हात चालवा जी, चाळणी झोपून राहिली,” ती म्हणाली. मग राखेत हात फिरवत, “मॅडमले आज सांगता ना?”

“उद्या सांगतो.”

“तुमचा उद्या गोंदियालेच उतरून जाते. गावापर्यंत काई येत नाई.”

मॅडमला मला माझी एक लबाडी सांगायची होती. बारा दिवसांपासून मी उद्या उद्या करत होतो. त्याच दुपारी बायको गेली. राख अर्धी चाळायची राहिली आणि लबाडी पूर्ण सांगायची राहिली.

गाव तिला झिरो बाई म्हणायचं. हे नाव माहेरचं नाही, सासरचंही नाही. विज्ञानानं दिलेलं आहे. मॅडम म्हणजे एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी बाई, वयानं आमच्या लेकीएवढी, सुनीताएवढी. कारखान्यात माल कसा कमी वाया जाईल, हे ती पोरांना शिकवते. तेच शास्त्र गावातल्या घरांना लावून पाहायचं आणि त्यावर मोठी पदवी घ्यायची, असा तिचा अभ्यास होता. तिनं गावातली काही घरं निवडली. प्रत्येक घराला एक टोपली दिली. चोवीस तासांत जे फेकाल ते यात फेका म्हणाली. रोज सकाळी ती स्कूटीवर यायची, टोपली काट्याला लटकवायची आणि वहीत वजन लिहायची. आमची टोपली रोज रिकामी. मॅडम रोज झिरो लिहायची. शेजारच्या शेवंताबाईनं ते कुंपणावरून वाचलं आणि नाव गावभर झालं.

आता झिरो कसा, ते सांगतो. ती काही मोठी पर्यावरणवाली नव्हती. हा शब्द तिला बोलताही आला नसता. तिला फक्त फेकता येत नव्हतं, जसं कोणाला पोहता येत नाही तसं. जन्मभर राइस मिलमध्ये पोती शिवली. येताना मिलचा भुसा डोक्यावर आणायची, तो शेगडीत. शेगडीची राख भांड्याला, वांग्याच्या झाडाला, लाखोळीला. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला. लुगडं फाटलं की गोधडी, गोधडी फाटली की फडकं, फडकं फाटलं की दिव्याची वात. वातीपुढं काही राहत नाही, म्हणून तिथं थांबायची. दुकानात पिशवी आणि बाटली घरून न्यायची. दुकानदार तिला लांबून येताना पाहूनच वैतागायचा, कारण प्लास्टिकच्या पन्नीत बांधून ठेवलेलं सामान त्याला पुन्हा सोडावं लागायचं.

तिचं एकच म्हणणं होतं. कोणी म्हटलं की अमुक फेकून दिलं, तर ती विचारायची, “फेकलं म्हणजे कुठी फेकलं?” या प्रश्नाला गावात उत्तर नव्हतं. ग्रामपंचायतीची घंटागाडी येते, ओला वेगळा सुका वेगळा असं गाणं लावते, दोन्ही एकाच ट्रॉलीत घेते आणि बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठाला ओतते. पाऊस आला की ते बोडीत जातं आणि बोडीतून आमच्या शेतात, धानाच्या बांधीत. बायको धानाच्या रोवणीला वाकली की हाताला शाम्पूच्या पुड्या लागायच्या. “हे पाहा जी,” म्हणायची, “सरपंचाच्या घरचं डोकं धुवून आलं.”

मॅडमनं महिनाभर तिच्या मागं घड्याळ घेऊन फिरून पाहिलं. शेगडीपासून राखेच्या खड्ड्यापर्यंत किती पावलं, तिथून शेळीपर्यंत किती, सगळं लिहिलं आणि बाणांचा नकाशा काढला. मग समजावून सांगितलं की काकू, राखेचा खड्डा इकडं आणला आणि शेळी तिकडं बांधली, तर तुमची दिवसाची पुष्कळ पावलं वाचतील.

बायकोनं नकाशा नीट पाहिला. “चांगला काढला माय,” म्हणाली. “पन वाचलेले पावलं मी ठेवू कुठी? या रस्त्यानं जातो तं शेवंताशी बोलणं होते. शेळी इकडं बांधली तं ते बोलणं कोनाशी करू, शेळीशी?”

मॅडम हसली आणि बाण तसेच ठेवले. चांगली बाई आहे. शिकलेली आहे तरी ऐकते.

तिचे मोठे सर मात्र ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. ते एकदाच आले, पांढऱ्या गाडीतून. सोबत पाण्याच्या बाटल्यांचं खोकं, समोशे, थर्माकोलच्या प्लेटी आणि एक भला मोठा फ्लेक्स. त्यावर लिहिलं होतं, शून्य कचरा, समृद्ध गाव. तो आमच्या घरापुढच्या छपरीला खिळे ठोकून लावला. सरांनी अर्धा तास भाषण केलं, की भारतीय ग्रामीण स्त्रीला कचऱ्याची जाणीव करून देणं गरजेचं आहे. जाणीव करून द्यायला समोर माझीच बायको बसली होती. भाषण संपल्यावर तिनं विचारलं की सर, तुम्ही म्हणता तो उरलेला कचरा शेवटी कुठी जाते?

“डिस्पोजल साइटवर,” सर म्हणाले.

“ते कोनाचं गाव हाये?”

सर मोठ्यानं हसले. फार छान, फार छान म्हणाले आणि तिच्यासोबत फोटो काढला. लोक पांगले तेव्हा आमच्या अंगणात जन्मात पडला नव्हता इतका कचरा पडला होता. मॅडम बिचारी काटा हातात घेऊन उभी, हा कोणत्या रकान्यात लिहावा म्हणून. बायकोनं तिला त्रास दिला नाही. फ्लेक्स उतरवला, प्लेटी आणि बाटल्या त्यात भरल्या, चारही कोपरे धरून मिलच्या पोत्यासारखं तोंड बांधलं आणि ड्रायव्हरला डिक्की उघडायला लावून आत ठेवलं. “सर, तुमचं सामान राहिलं होतं,” म्हणाली.

सरांना त्याचा राग आला की नाही मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांचा हुकूम आला की या घरचं वजन चूक आहे, झिरो असूच शकत नाही, काटा बदला. नवीन काटा आला. त्यानंही झिरो दाखवला. मग सर म्हणाले, शून्याचा आलेख निघत नाही, हे घर यादीतून काढा. मॅडम आमच्या छपरीत डोकं धरून बसली. ज्या घरापासून शिकायचं तेच घर अभ्यासातून बाहेर, आणि शेवंताबाईचं घर आत. शेवंताबाईची टोपली तर उचलायला दोन माणसं लागायची. ती तोऱ्यात सांगायची की माह्या घरचा आलेख सगळ्यात उंच निघाला.

बायकोला यादीचं काही वाटलं नाही. अभ्यास कचऱ्याचा, आपल्याकडे कचरा नाही, आपलं काम काय, असं म्हणून ती शेळीला पाणी द्यायला गेली. पण मला मॅडमचं वाईट वाटलं. आणि चौथी शिकलेल्या माणसाला एकदा वाईट वाटलं की तो अक्कल चालवतो.

मी खर्रा खातो, पन्नीत घोटून मिळणारी सुपारी-तंबाखू. दिवसाला दोन. बायकोला ते आवडत नव्हतं, म्हणून पन्न्या मी पानठेल्यावरच टाकून यायचो. आमच्या घरचा झिरो माझ्यापुरता तरी चौकात सांडलेला होता. मी ठरवलं, आता पन्न्या घरी आणायच्या. पण दोन पन्न्यांनी काटा हलेना. म्हणून पानठेल्याभोवती पडलेल्या सगळ्यांच्याच पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप गोळा करून मी पहाटेच टोपलीत टाकू लागलो. यादीतून काढलं तरी मॅडम रोज येऊन टोपली तोलायचीच. काटा हलला. मॅडमचा चेहरा फुलला. सरांनी म्हणे फोनवर सांगितलं, आता हे घर जिवंत वाटतं. आठ दिवसांत आलेख निघाला. त्यावरून मॅडमनं असा एक विचारही मांडला की वृद्ध जोडप्यांच्या घरात आठवडी बाजाराच्या दिवशी प्लास्टिक वाढतं. बाजाराच्या दिवशी पानठेल्यावर गर्दी असते, एवढंच त्यातलं शास्त्र.

नवव्या दिवशी बायकोनं टोपलीत पाहिलं. एक एक पन्नी काढून अंगणात मांडली.

“तुमचे दोन,” ती म्हणाली. “बाकीचे कोनाचे?”

मी खरं ते सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पन्न्यांपुढं बसून राहिली.

“मिलमधी जन्म गेला,” ती म्हणाली. “इतके पोते शिवले, एकाचं तोंड उसवलं नाई. मालकाच्या वहीत पोत्यांचा आकडा राहे, माहं नाव नाई. आता पयल्यांदा कोनी माहं नाव लिहून, त्याच्यापुढं मी काय केलं ते लिहिलं. तं त्याच्यात तुमी पानठेला ओतला?”

“मॅडमची पदवी अडकली होती.”

“तिची पदवी माह्या नावानं खोटी कायले पाहिजे? सांगा तिले.”

सांगतो म्हटलं. टोपलीत भर घालणं मी त्याच दिवशी बंद केलं, पण तोंड उघडलं नाही. मॅडम रोज यायची, पुन्हा झिरो कसा झाला म्हणून बुचकळ्यात पडायची, आणि बायको माझ्याकडं पाहायची. ती स्वतः सांगू शकली असती. पण नवऱ्याची लबाडी नवऱ्यानंच सांगावी, असं तिचं होतं. कधी नव्हे ते तिनं माझ्या हाती एक काम सोपवलं आणि ते मी बारा दिवस पुढं ढकललं.

त्या दुपारी ती चुलीजवळ बसल्या बसल्या कलली. पाठीत कळ आली म्हणाली. शेवंताबाईच्या पोरानं ऑटो आणला. दवाखान्याच्या दारात मी तिचा हात धरला होता आणि तिच्या नखांत राख होती. डॉक्टरनं पाहिलं आणि मान हलवली. सुनीता नागपूरवरून पोहोचली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेलं. लोक फार आले. चांगलं बोलले. ज्या दुकानदाराला तिनं जन्मभर सतावलं, तो मोठ्यानं रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीचा आवाज आला. मॅडमला कोणी कळवलं नव्हतं. ती काटा घेऊन अंगणात आली, माणसं पाहिली, सुनीताकडं पाहिलं आणि तिथंच थांबली. काटा पाठीमागं लपवला, जसं काही ती कुठला गुन्हाच करत होती. सुनीता तिला म्हणाली की बाई, आज राहू द्या.

“राहू नको देऊ,” मी म्हणालो. “मॅडम, वही काढा.”

मी तिला सगळं सांगितलं, पन्न्या, पानठेला, बाजाराचा दिवस. सगळ्यांसमोर सांगितलं. बायको होती तेव्हा एकट्या मॅडमसमोर सांगायची लाज वाटत होती. मॅडमनं वहीची मागची पानं उलटली. तिचा अर्धा अभ्यास माझ्या तोंडातून वाहून जात होता हे मला दिसत होतं.

“काका,” ती शेवटी म्हणाली, “मग त्या आठ दिवसांचं काय लिहू?”

“तिच्या नावापुढं झिरो. आणि रोजच्या दोन पन्न्या माझ्या नावानं लिहा. आधीच्याही, चौकात टाकल्या त्या.”

मॅडमनं पेन काढलं. एक एक आकडा खोडला आणि शेजारी झिरो लिहिला. आठ वेळा. मला लिहिलेलं फार वाचता येत नाही, पण झिरो येतो. मी मोजून घेतले.

मग मी टोपली उचलली. ती भरली होती. औषधाचं वेष्टन, पाण्याच्या बाटल्या, लोकांना शेवंताबाईकडून आलेल्या चहाचे कागदी कप, हाराची पन्नी, अगरबत्तीचं खोकं. मी ती स्वतःच काट्याला लटकवली.

मॅडम म्हणाली, याचं वजन नको. मी म्हणालो, हे खरं आहे, हे लिहा.

तिनं वजन पाहिलं. वहीच्या त्या पानावर वर बायकोचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जसं बायकोनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पेन त्या नावाखाली थांबलं.

“काका, आजचं कोणाच्या नावानं लिहू?”

“माझ्या,” मी म्हणालो.

तिनं पान उलटलं आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं. ती निघून गेल्यावर सुनीता म्हणाली, बाबा, आत चला. मी चाळणी उचलली. कालची राख तिथंच पडली होती. अर्धी राहिली होती, ती चाळायला बसलो.