पट्टी मधोमध

खुर्चीत बसण्याआधी ताई मॉनिटरच्या कोपऱ्यावर दोन बोटांनी टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "चल, ऊठ." मग बटण दाबायच्या. बंद यंत्राशी इतक्या हक्काने बोलणारं माणूस तुमच्याही कचेरीत असेल कदाचित. आमच्या बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात त्या एकट्याच होत्या.

मी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचो. ताई कंटेनरच्या नोंदी करून ट्रक आत-बाहेर सोडायच्या. गोदाम त्यांच्याच भातशेतीवर उभं होतं, आणि जमिनीच्या बदल्यात त्यांना ही नोकरी मिळाली होती. "ही खुर्ची म्हंजे माजं शेत हाय," असं त्या हसत सांगायच्या. पण त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं की ते हसू कुठल्या कुठे जायचं.

जुने कॉम्प्युटर फारच रडायला लागले तेव्हा सगळ्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रणा घालायचं ठरलं. त्याची एक गंमत आहे. आतली यंत्रणा तीच ठेवून पडद्यावरची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, आपल्याला हवा तो निवडता येतो. मी हौसेने ताईंच्या मशीनवर आधी एक झगझगीत डेस्कटॉप घातला. कोपऱ्यात माउस नेल्याशिवाय त्यात काही दिसत नव्हतं.

"हा लपवाछपवी करतो. नको."

दुसऱ्यात कामाच्या बटणांची पट्टी पडद्याच्या तळाशी होती. तोही नको. तिसरा दिसायला अगदीच साधा, पण त्याची पट्टी उचलून कुठेही ठेवता यायची.

"मग मधी आन. पार मधी. आनि मोठी कर."

"ताई, घराच्या मधोमध कपाट ठेवल्यासारखं दिसेल ते."

ताई माझ्याकडे वळल्या. वळताना त्यांच्या कोपराने चहाचा ग्लास उडवला. मी तो त्यांच्यादेखत उजव्या हाताशी ठेवला होता, पण त्यांना दिसलाच नव्हता. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"काचबिंदू हाय, बाला," त्या हळूच म्हणाल्या. "बाजूचं दिसत नाय. मधलं दिसतं अजून. कोनाला सांगू नको, घरी बसवतील."

मी निमूटपणे पट्टी मधोमध आणली. वाईट वाटलं आणि भीतीही वाटली, कारण ते गुपित आता माझंही झालं होतं.

तो झगझगीत डेस्कटॉप मशीनवर तसाच पडून होता. लॉगिन करताना दोन्हींपैकी हवा तो निवडता यायचा. एकदा मोठे साहेब पाहणीला येणार होते, तर आमच्या मॅनेजरने सकाळीच परस्पर तो निवडून ठेवला.

ताईंनी टकटक केली, पासवर्ड टाकला. पडदा उघडला तो निळाशार आणि मधोमध रिकामा. मागे साहेब लोक उभे. "कसा वाटतो नवा लूक?" मॅनेजर म्हणाला. ताईंचा हात माउसवर थबकला. मी दारात होतो. बोललो तरी बिंग फुटणार होतं आणि गप्प राहिलो तरी. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

ताई उठल्या. खुर्ची मागे सरकवून मॅनेजरला म्हणाल्या, "साहेब, तुमी बसा ना. तुमची निवड हाय, तुमीच दाखवा."

मॅनेजर खूश होऊन बसला. ताई त्याच्या मागे उभ्या राहून एकेक गाडीचा नंबर तोंडपाठ सांगत गेल्या आणि तो टाइप करत राहिला. मोठे साहेब मान डोलावून गेले. दुपारी मी तो डेस्कटॉप मुळासकट काढला आणि मॅनेजरला सांगितलं, "मशीनला झेपत नाही."

पुढे बरेच महिने ताईंनी खुर्ची सोडली नाही. मग एक दिवस स्वतःच राजीनामा दिला. विचारलं तर म्हणाल्या, "कंटाला आला." मला ते खरं वाटलं होतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "ती पट्टी खाली नेऊन ठेव, बाला. नवीन कोन येल त्याला अडचन नको."

मी माउस हातात घेतला, पण ती पट्टी हलवायला माझा हात धजेना.

"झाली खाली?"

मी काहीच हलवलं नव्हतं. ती जाडजूड पट्टी त्यांच्या नाकासमोर होती, अगदी मधोमध.

त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हां. आता बरी दिसते."

"हो, ताई," मी म्हणालो.

त्यांनी चाचपडत मॉनिटरचा कोपरा शोधला, दोन बोटांनी टकटक केली आणि म्हणाल्या, "चल, नीज आता." गेटपर्यंत मी त्यांच्या उजव्या बाजूने चाललो.