मुंगीताईच्या डब्यातली थापी

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या त्या बाईला सगळे मुंगीताई म्हणायचे. सुई बाहेर आली की पेशंट विचारायचे, "झालं पण? मुंगी चावल्यासारखं वाटलं फक्त." अठरा वर्षं ती एकाच लॅबमध्ये होती. नस सापडत नाही म्हणून बाकीचे हात टेकत, तिथे लॅबवाले हिला धाडायचे. सकाळी सहाला निळा डबा खांद्याला अडकवून निघायचं, आठ-दहा घरांचे जिने चढायचे-उतरायचे आणि नऊच्या आत नळ्या लॅबच्या खिडकीत द्यायच्या, असा तिचा नेम. नवरा वारल्यापासून घरी एकटीच होती. कोर्टात टायपिस्ट असलेला धाकटा दीर रविवारी जेवायला यायचा, तेवढीच सोबत.

एके सकाळी एका इमारतीच्या जिन्यात कुणीतरी तिला मागून ढकललं आणि डबा हिसकावला. आत औषधं असतील असं त्याला वाटलं असावं. नळ्या आणि कापूस बघून त्याने डबा तिथेच उपडा केला आणि तो पळाला. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिचा हात कापायला लागला. एका आजींना तीनदा टोचावं लागलं. त्यांच्या कोपराजवळचा काळानिळा डाग बघून मुंगीताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बचावाला काहीतरी जवळ असू द्या म्हणत लॅबच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरने तिला चामड्याच्या कारागिराचं दुकान सांगितलं. दुकान चिंचोळं होतं. पुढे पट्टे, पाकिटं, कुत्र्यांचे गळपट्टे टांगलेले. कारागीर चष्मा कपाळावर चढवून मेणाचा दोरा ओवत बसला होता. तिने अडखळत काय हवं ते सांगितलं, तसा त्याने खालचा खण उघडला. हातभर नाही, वीतभर लांब चपटी थापी. चामड्याचे दोन थर हाताने शिवलेले, रुंद टोकाच्या आत शिशाच्या बारीक गोळ्या, मुठीकडे मनगटात अडकवायचा पट्टा. टाके इतके सारखे होते की तिला त्या माणसाचं कौतुक वाटलं.

"कुणासाठी?" त्याने विचारलं.

"माझ्यासाठीच."

"घरी ठेवणार ना?"

"हो."

"मग हरकत नाही. मी विकू शकतो, तुम्ही घरी ठेवू शकता. पण बाहेर घेऊन फिरलात आणि धरलं, तर माझं नाव घेऊ नका." त्याने पावतीवर 'कागद दाबायचं वजन' असं लिहिलं. तिने पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि चोरी केल्यासारखी मान खाली घालून बाहेर पडली.

रविवारी वरणभात वाढता वाढता तिने दिराला विचारलं, "माझ्या एका मैत्रिणीने आत शिसं भरलेली चामड्याची थापी घेतलीय. पिशवीत ठेवली तर चालतं का हो?"

दिराने घास खाली ठेवला. "वहिनी, चाकूने फळं कापतात, हातोडीने खिळे ठोकतात. या वस्तूला माणसाला मारण्यापलीकडे दुसरं कामच नाही. म्हणून ती जवळ बाळगली हाच गुन्हा. वापरायचीसुद्धा गरज नाही."

"पण स्वतःच्या बचावासाठी असेल तर?"

"तसं म्हटलं की उलट कबुलीच दिली. मारायचं मनात होतं म्हणूनच घेतली ना बरोबर?" मग पुन्हा घास उचलत तो म्हणाला, "मैत्रिणीला सांगा, घरात ठेव. शिट्टी ठेव हवी तर पिशवीत."

"सांगते," मुंगीताई म्हणाली. अन् सोमवारी सकाळी थापी डब्यात, कापसाच्या गुंडाळीखाली गेली.

हात कापायचा थांबला, हे मात्र खरं. सहा महिने थापीला तिने हात लावला नाही. आहे, एवढं माहीत असणं पुरायचं. दीर कधी विषय काढायचा तेव्हा ती ताटाकडे बघत म्हणायची, "ठेवली हो तिने घरी."

तिच्या नेहमीच्या घरांपैकी एक होतं ड्रायव्हरकाकांचं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, आता सगळं विसरत चालला होता. लेक त्यांना सांभाळायची. काका कधी मुंगीताईला बहीण समजायचे, कधी कंडक्टर. ती हसून कंडक्टरच्या आवाजात म्हणायची, "चला, डबल बेल." मग ते निमूट दंड पुढे करायचे.

त्या दिवशी लेक स्वयंपाकघरात दूध तापवत होती. मुंगीताईने काकांच्या उजव्या दंडाला पट्टा बांधला, आणि काकांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. चाळीस वर्षं स्टिअरिंग फिरवलेला हात. "ब्रेक लागत नाहीये," ते ओरडले. "खाली उतर. खाली उतर."

"काका, सोडा," ती म्हणाली. त्यांनी आणखी आवळलं. तिला त्या क्षणी काका दिसलेच नाहीत. जिना दिसला. मोकळा हात डब्यात गेला, कापूस बाजूला झाला, आणि तिने त्यांच्या हातावर थापी मारली.

आवाज मोठा झाला नाही. जाडसर पुस्तक जमिनीवर पडावं, तेवढाच. काकांची मूठ सुटली. त्यांनी हात छातीशी घेतला, तिच्याकडे बघितलं, आणि शाळेतल्या पोरासारखं हळूच म्हणाले, "चुकलं, ताई."

लेक धावत आली तोवर थापी कापसाखाली गेली होती. "पलंगाच्या कडेवर हात आपटला," मुंगीताई म्हणाली. इतकं सरळ, इतक्या चटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं. मासिकाची गुंडाळी करून तिने हाताला आधार बांधला, रिक्षा बोलावली, दवाखान्यापर्यंत सोबत गेली. हाडाला तडा गेला होता. लेकीने तिचा हात हातात घेतला. "तुम्ही होतात म्हणून निभावलं."

पुढचे दहा दिवस मुंगीताईला अन्न गोड लागलं नाही. रस्त्यात पोलीस दिसला की ती डबा दुसऱ्या खांद्यावर घ्यायची, पण त्याहून वाईट व्हायचं ते कुणी हसून 'या मुंगीताई' म्हटलं की. अकराव्या दिवशी पुन्हा काकांचा नमुना घ्यायची पाळी आली. तिला टाळता आलं असतं. ती गेली.

काका खुर्चीत होते, हात प्लास्टरमध्ये. तिला बघून, किंवा कुणालाच न बघता, त्यांनी प्लास्टर छातीशी ओढलं. "चुकलं."

"हल्ली सगळ्यांनाच असं म्हणतात," लेक म्हणाली. "परवा दूधवाल्यालाही. कुठून डोक्यात शिरलंय, कोण जाणे." ती जमिनीवर बसून पलंगाच्या कडेला फोमची पट्टी शिवत होती. दाभणाने बोटं सोललेली. "मीच आधी करायला हवं होतं हे. इतकी धारदार कड, माझं लक्ष नाही गेलं."

मुंगीताई तिच्यासमोर खाली बसली. कापूस काढला, थापी काढली, आणि दोघींच्या मधे फरशीवर ठेवली.

"पलंग नव्हता," ती म्हणाली. "मी होते."

लेकीला कळायला वेळ लागला. तिने थापी उचलली, वजन पाहिलं, मग स्वतःच्याच तळव्यावर एकदा मारून बघितली. फार जोरात नाही. तिचा चेहरा पिळवटला. "यांना?" एवढंच विचारलं तिने. आणि मग, "निघा तुम्ही."

त्याच दुपारी मुंगीताई कोर्टाबाहेर दिराची वाट बघत उभी राहिली. तो आल्यावर तिने सगळं सांगितलं. "ती मैत्रीण," दीर म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. मीच जोर धरला नाही." त्याने डोळे पुसले. आपल्यापायी हासुद्धा शरमला, हे बघून तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेले.

वकिलाला बचावाचा मुद्दा सापडला होता. काकांनी मनगट धरलं होतं ना, तर मग तेच मांडू, असं तो म्हणाला. मुंगीताईने मान हलवली. "असे हात मी शेकडो वेळा सोडवलेत. बोटं एकेक करून उलगडायची असतात. मला येत होतं."

कोर्टाने शिक्षा स्थगित ठेवली, पण रुग्णांना हात लावायचं काम कायमचं बंद केलं. कारागिरालाही ठाण्यात बोलावून तंबी दिली. तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. पावती पर्समध्ये सापडली. काकांच्या लेकीला तिने खटल्याआधीच एक पत्र लिहिलं होतं. महिन्याने उत्तर आलं: "बाबांचं प्लास्टर निघालं. मूठ नीट वळत नाही. तुम्ही आपणहून सांगितलंत, हे मी विसरणार नाही. पण दुसरंही विसरणार नाही. कृपया पुन्हा लिहू नका." तिने पुन्हा लिहिलं नाही.

आता ती एका मोठ्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालते. एवढं चांगलं काम का सोडलं, असं कुणी विचारलं की सुरुवातीला ती सांगायची, जिने चढून गुडघे गेले. सगळे हळहळायचे, कुणी तेल सुचवायचं, आणि ती हळहळ तिला सुईसारखी टोचायची. परवा एका नव्या बाईने चादरीचं दुसरं टोक धरून तेच विचारलं.

"एका आजारी म्हाताऱ्या माणसाला मी मारलं," मुंगीताई म्हणाली. "त्याचा हात मोडला. मग खोटं बोलले."

नवी बाई थबकली. चादर दोघींच्या मधे ताणलेली होती. मशीनमधून पुढची चादर बाहेर येत होती, तेव्हा ती दोन पावलं पुढे आली, आपली टोकं मुंगीताईच्या हातात दिली, आणि घडीची खालची कड उचलायला वाकली.