घर तापत नाही, म्हणे!

थेल्मा ग्रीनवूडला तोंडावर ‘नाही’ म्हणणारं माणूस अख्ख्या टॉडमॉर्डन गावात एकच, आणि तेही तिच्या पोटचं. मुलगी, हीदर. बुधवारी सकाळी तिचा लीड्सच्या हॉस्पिटलातून फोन आला, बाळाला शनिवारी घरी सोडताहेत म्हणून. आयव्ही दिवस भरायच्या आधीच आलेली, मूठभर जीव. हीदरचं सिझेरियन झालेलं, नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. म्हणजे महिनाभर कुणाच्या तरी घरी राहणं आलंच. थेल्माने वरची खोली झाडून, पुसून, पाळणा मांडून केव्हाच तयार ठेवली होती.

“आई, मी हडर्सफील्डला जाते. सासूबाईंकडे,” हीदर म्हणाली.

“का? आईला काय झालंय?”

“आईला काही नाही झालेलं. घराला झालंय. नर्स म्हणते, बाळाची खोली सतत उबदार पाहिजे. तुमच्याकडे मी अख्खं लहानपण टोपी घालून झोपले. आयव्हीला मी त्या फ्रीजमध्ये आणणार नाही. राग मानू नकोस.”

राग कसला मानतेय! थेल्मा फोन ठेवून तशीच जिन्यावर बसली. तिला विहिणीच्या घरातला तो पांढरा गालिचा आठवला आणि त्या गालिच्यावर आपली नात रांगणार, या विचाराने तिच्या जिवाची काहिली झाली. एवढ्या वर्षांनी एक नातवंड झालं आणि तेही विहिणीच्या घरी वाढायचं? छे! शनिवारच्या आत घर तापलं पाहिजे. कसं, ते नंतर बघू.

आता घर तापत नाही हे काही गुपित नव्हतं. आमच्या दरीतली घरं दगडाची, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चढावर उभी, आणि नोव्हेंबरात सूर्य डोंगराच्या वर येतो न येतो तोच मावळतो. थेल्माचा नवरा डेरिक म्हणायचा, “दगडी घर आहे पोरी. याला तापायला पिढ्या जातात.” शेजारच्यांची घरंही दगडाचीच होती आणि तिथे माणसं डिसेंबरात अर्ध्या बाह्यांत वावरायची. पण डेरिकच्या बोलण्याला दुसरी बाजू असेल, असं थेल्माला कधी वाटलं नाही. डेरिक म्हणजे हातात जादू असलेला माणूस. शेजाऱ्याचं फाटक मोडलंय हे शेजाऱ्याला कळायच्या आत तो दुरुस्त करून यायचा. नळ, दिवे, घर तापवणारा तळघरातला बॉयलर, सगळं त्याच्या ताब्यात.

थेल्माच्या ताब्यात एकच गोष्ट होती. दारातून आत येताच लागणाऱ्या चिंचोळ्या बोळात, भिंतीवरची थर्मोस्टॅटची, म्हणजे घर किती तापवायचं ते ठरवणारी चकती. रोज संध्याकाळी ती कुडकुडत बोळात जायची. खुर्चीतून डेरिक म्हणायचा, “थंडी वाजतेय तर फिरव की थोडी!” ती वीस अंशांवर न्यायची. फारच झालं तर बावीसवर. चकती टिक करायची. मग येऊन बसायची, चहाचा मग दोन्ही हातांत धरायची आणि थोड्या वेळाने म्हणायची, “आता कसं बरं वाटतं.”

तर बॉयलरचं नवं यंत्र घरात होतंच, हे आधी सांगायला हवं. हीदरनेच दोन नाताळांपूर्वी आणलं होतं. फोनवरून चालणारा थर्मोस्टॅट, छान गुळगुळीत खोक्यात. डेरिक म्हणाला, “बघतो सवडीने.” या माणसाला गल्लीतल्या प्रत्येकाच्या गिझरसाठी सवड होती, पण हे खोकं तळघराच्या फळीवर पडलं ते पडलंच. थेल्माने विचारलं की म्हणायचा, “ती यंत्रं आपलं बोलणं ऐकतात म्हणे.” आपल्या घरात ऐकण्यासारखं बोलणं कुठलं होतंय, असं थेल्माच्या अगदी ओठांवर यायचं.

बुधवारी दुपारी तिने इम्तियाजला फोन लावला. हॅलिफॅक्सचा इलेक्ट्रिशियन, अर्ध्या गल्लीच्या वायरी त्याच्याच हातच्या.

“आंटी, जानेवारीशिवाय जमायचं नाही,” इम्तियाज म्हणाला. “श्वास घ्यायला वेळ नाही मला. अंकल आहेत की. त्यांच्यासाठी डाव्या हाताचा खेळ आहे.”

“अंकलना सवड नाही. तू सांग, मी करते.”

“तुम्ही?”

“मी बावीस वर्षं गिरणीत लोकरी कापडातले तुटलेले धागे जोडले, बाळा. केसासारखे बारीक. कुठे जोडलंय ते शिंप्यालाही दिसायचं नाही. तुझ्या वायरी काय त्याहून बारीक आहेत?”

इम्तियाज हसला. मग हसू आवरून त्याने तिला नीट समजावलं. आधी मेन स्विच बंद. मग टेस्टर लावून खात्री. वायरी सोडवण्याआधी फोटो. जुन्या चकतीच्या मागे दोन वायरी असतील, त्या तशाच नव्याच्या दोन भोकांत. “आणि बॉयलरचं झाकण उघडायचं नाही आंटी. ते गॅसवाल्याचं काम. तुमची हद्द भिंतीपर्यंत.”

गुरुवारी जेवण झाल्यावर डेरिक त्याच्या भाजी लावलेल्या जमिनीच्या तुकड्यावर गेला. थंडीत तिथे लीक, म्हणजे जाडजूड कांदापात, सोडून काही उभं नसतं, पण पठ्ठ्या रोज जाऊन त्यांची विचारपूस करतो. त्याच्या बुटांचा आवाज उतारावर विरेपर्यंत थेल्मा खिडकीशी थांबली. मग मेन स्विच खाली ओढला, डोक्याला टॉर्च बांधला, स्टूल बोळात आणलं आणि चष्मा पुसून चकतीचे स्क्रू सोडवले.

चकती अलगद हातात आली. फारच अलगद. मागे एकही वायर नव्हती.

वायरी होत्या, पण भिंतीत. दोन्हींची टोकं एका छोट्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये एकमेकींना जोडलेली, वर काळी टेप गुंडाळलेली. टेप इतकी जुनी की बोट लावताच भुगा झाला. थेल्माने फोटो काढून इम्तियाजला पाठवला आणि फोन लावला.

“हे काय आहे रे?”

इम्तियाजने फोटो मोठा करून पाहिला. “आंटी, चकतीला वायर लागलेलीच नव्हती?”

“नाही.”

“मग... ती चकती कशालाच जोडलेली नव्हती. या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की बॉयलरला वाटतं, घर कायम गारच आहे. मग तो चकतीचं ऐकत नाही, नुसत्या घड्याळाचं ऐकतो. घड्याळ असेल बघा खाली, बॉयलरपाशी.”

“आणि चकती टिक करते ती?”

“ती आपली आपण करते. फिरवली की टिक.”

थेल्मा तळघरात उतरली. रंगाच्या डब्यांमागे घड्याळ होतं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. बॉयलरचं बटणही अगदी खालच्या खुणेवर. ती तिथे त्या गार फरशीवर उभी राहिली.

तिला तिची रोजची फेरी नाही आठवली आधी. आठवली ती हीदर. आठ वर्षांची, निळ्या ओठांची. “आई, थंडी वाजते.” आणि थेल्मा तिला दंडाला धरून बोळात न्यायची, चकतीसमोर उभी करायची. “हे बघ. वीस! वीसला कुणाला थंडी वाजते का? उगाच रडगाणं गाऊ नकोस.” पोरगी चकतीकडे बघायची, मग आईकडे, आणि गप्प व्हायची. पुढे पुढे तिने सांगणंच सोडलं. टोपी घालून झोपायला लागली.

बाई गं! काय करावं अशा वेळी माणसाने? दुसरी एखादी असती तर तिथेच डोकं धरून बसली असती. थेल्माने नाक पुसलं. रडायचं ते नंतर, आधी जोडायचं, असं स्वतःला मोठ्याने बजावून ती खोकं घेऊन वर आली.

तिने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. कनेक्टर सोडवला, वायरींची काळवंडलेली टोकं कापली, नवं तांबं सोलून काढलं, पिळून एकजीव केलं. नव्या थर्मोस्टॅटच्या मागच्या पाटीची भोकं डोळ्यांना दिसत नव्हती तर बोटांनी शोधली. पहिली वायर बसली, स्क्रू घट्ट, ओढून पाहिली. दुसरी बसवतच होती तेवढ्यात दार उघडलं. हातात लीकची जुडी, बुटांना चिखल, आणि डेरिक उंबऱ्यातच थिजलेला.

स्टुलावर बायको, भिंतीला भोक, आणि खाली फरशीवर ती चकती. न विचारताच त्याला सगळं कळलं.

“थेल्मा,” तो म्हणाला. “उतर खाली पोरी. पडशील.”

“मला पोरी म्हणू नकोस आज.” तिने मान वळवली नाही. “कधी केलंस?”

“गिरणी बंद पडली तेव्हा.” लीकची माती फरशीवर पडत होती. “त्या हिवाळ्यात. आपण दोघं घरी, हप्ते थकलेले. झोप लागायची नाही मला. वाटलं, एवढा हिवाळा निभावून नेऊ. मग वसंतात परत जोडायचं राहिलं. मग... मग तुला सांगायची लाज वाटली. आणि तू रोज फिरवायचीस आणि म्हणायचीस, आता कसं बरं वाटतं. मला वाटलं, वाटतंय ना तिला बरं, मग झालं तर!”

थेल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हातातला स्क्रू तिने सोडला नाही. शेवटचा फेरा आवळला, वायर ओढून पाहिली, आणि मग उतरली.

“त्या हिवाळ्यात मला विचारलं असतंस ना डेरिक, तर टॉर्च धरून मीच उभी राहिले असते तुझ्याशेजारी. गारठून मेले असते, पण हूं की चूं केलं नसतं. तू विचारलं नाहीस. तू मला खुर्चीत बसून सांगायचास, ‘फिरव की थोडी!’ रोज! आणि मी फिरवायचे, माकडासारखी!”

“चुकलं माझं.”

“ते मला ठाऊक आहे. खाली जा. घड्याळ कायम चालूवर कर, बॉयलरचं बटण वर घे. तेवढं तरी तुझ्या हाताने होऊ दे.”

तो निमूट उतरला. थेल्माने नवा थर्मोस्टॅट पाटीवर बसवला, सेल घातले, मेन स्विच वर केला आणि एकवीस मागितले. टिक असा आवाज अजिबात झाला नाही. मग खालून भस्स करून बॉयलर पेटल्याचा आवाज आला, पाइपांतून पाणी खळखळलं, आणि थोड्याच वेळात खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर तापून कुरकुरायला लागले.

संध्याकाळच्या जेवणाची वेळ झाली तोवर घर तापलं होतं. अख्खं! वरची खोलीसुद्धा, जिन्याचा कोपरासुद्धा. पिढ्या जातात म्हणे! खिडक्यांवरचं दव सुकलं. डेरिकने मांस भरलेली पाय-पेस्ट्री आणि लीक टेबलावर मांडले, स्वेटर काढला आणि शर्टाच्या बाह्या वर करून खालमानेने बसला. थेल्माला रडू आलं ते तेव्हा. इतकं सोपं होतं सगळं! इतकी वर्षं फक्त दोन वायरींच्या पलीकडे ऊब होती आणि ती पोरीच्या डोक्यावर टोपी ओढत बसली होती. डेरिकने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. मनसोक्त रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि फोन आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“हीदरला लाव.”

“मी?” डेरिकला फोनवर बोलायचं म्हणजे कापरं भरायचं. “तू सांग ना. घर तापलंय म्हणावं. तू चांगलं सांगतेस.”

“मी पुष्कळ सांगितलंय तिला. तिला खोटं पाडणारं सगळं मीच बोलले, तुझ्या त्या चकतीच्या जिवावर. आता तू बोलायचं. आणि घर तापलंय एवढंच सांगून ठेवून द्यायचा नाही. पहिल्यापासून सांगायचं.”

“आणि ती नाही आली तर?”

“तर नाही आली! पण आली तर खरं ऐकून येईल. लाव.”

त्याने लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला, मग हीदरचा थकलेला आवाज आला. थेल्माने आवाज मोठा केला आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली.

“हीदर, बाबा बोलतोय.”

“काय झालं? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. समोर उभी आहे.” त्याने फोन जवळ ओढला. “तू लहानपणी म्हणायचीस ना, थंडी वाजते म्हणून.”

“हं.”

“ती वाजत होती.”

मग त्याने सांगितलं. अडखळत, मध्येच थांबत, पण सगळं सांगितलं. चकती, टेप, तळघरातलं घड्याळ. खोकं फळीवर का पडून राहिलं तेही. आईला काही ठाऊक नव्हतं, हे दोनदा सांगितलं. पलीकडून बाळाची बारीकशी कुरकुर ऐकू आली, आणि हीदरने नाक ओढल्याचं.

“मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय,” हीदर म्हणाली. “सगळ्यांना बरं वाटतं, मलाच गारठा.”

डेरिकने डोळे मिटून घेतले. “नाही गं बाळा. तुझ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.”

थेल्माने टेबलाची कड घट्ट धरली होती.

“आता किती आहे?” हीदरने विचारलं.

“एकवीस.”

“चकतीवर एकवीस, की घरात?”

डेरिकने मान वर करून थेल्माकडे पाहिलं.

“घरात,” तो म्हणाला. “तुझ्या आईने जोडलंय.”

“मग शनिवारी येतो आम्ही,” हीदर म्हणाली.