रंगारीणकाकूंचं नाक

रंगारीणकाकूंचा जन्म लोकर रंगवण्यात गेला. पिवळा रंग त्या दोन गोष्टींपासून काढायच्या. एक रानातल्या कुजक्या खोडावरची अळंबी, दुसरं दलदलीत फुलणारं झुडूप. उकळून गाळले की दोन्ही काढे दिसायला जुळे भाऊ. फरक उन्हात कळायचा. अळंबीचा पिवळा वर्षानुवर्षं टिके, झुडपाचा देखणा खरा, पण लवकर विटे.

काढ्याच्या हंड्यांवर काकूंनी कधी खूण केली नाही. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, झालं.

"आई, खडूनं एक रेघ ओढायला काय जातं?" सूनबाई म्हणायची.

"देवानं नाक काय चष्मा टेकवायला दिलंय?"

पण यंदा काकूंना ताप आला आणि जाताना नाकाची शक्तीच घेऊन गेला; कसलाच वास येईना. काकूंनी कुणाला कळू दिलं नाही. नाकच नाही तर रंगारीण कसली? पूर्वीसारखंच झाकण उचलून त्या मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, देवा, एवढी लाज राख.

तेवढ्यात विणकरभाऊंनी प्रार्थनामंदिराच्या पडद्यासाठी लोकर रंगवायला दिली. खिडकी भर उन्हाची, म्हणजे रंग अळंबीचाच हवा. काकूंनी अंदाजानं डावीकडचा हंडा घेतला. लड्या सोन्यासारख्या निघाल्या, पण काकूंना घास गोड लागेना.

विणकरभाऊ न्यायला आले. सूनबाईनं लड्या पिशवीत भरता भरता एक नाकाशी नेली नि थबकली. मग सासूच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, परवा दूध करपलं, तेव्हा तुम्ही चुलीपाशीच होतात ना?"

काकू काय ते समजल्या. विणकरभाऊंपुढची पिशवी त्यांनी मागे घेतली.

"हा झुडपाचा रंग आहे, भाऊ. देवाच्या दारी विटका पडदा नको. माझं नाक गेलंय."

विणकरभाऊंनी पिशवीतली एक लडी उचलून पाहिली. "मग नव्यानं रंगवा. पडदा काय पळून चाललाय? अन् ही लोकर मला द्या. आमच्या खोलीत ऊन येतंय कुठं."

दुसऱ्या दिवशी सूनबाई उजव्या हंड्यावर वाकली.

"कसा येतोय?" काकूंनी विचारलं.

"ओल्या लाकडासारखा."

"नुसता तसा नाही. बंद पेटी उघडल्यासारखा. अन् मागून थोडा पिठाचा. नीट घे."

सूनबाईनं डोळे मिटून पुन्हा वास घेतला. "हो, पिठाचा आहे."

काकूंनी पदराआडून खडू काढून तिच्यापुढे धरला.

"ओढ रेघ," त्या म्हणाल्या.