एस्कोच्या बुटाची वाटणी

राइली ह्यूत्तिनेन फिनलंडमधल्या पिएक्सामाकी गावच्या शाळेत सव्वीस वर्षं तीनशे पोरांचा स्वयंपाक करत होती. गुरुवारी वाटाण्याचं सूप, बाकीच्या दिवशी बटाट्यावर कसलं तरी पांघरूण. पोरं जेवत, ताटं आपटत, निघून जात. आज मीठ अगदी बेतात पडलंय, असं एकाही कार्ट्याने कधी म्हटलं नाही. अशा बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी लिहावंसं वाटलं तर त्यात तिचा काय दोष?

निमित्त झालं नवऱ्याच्या जाण्याचं. एस्को गेला तोसुद्धा स्वभावाला धरूनच, कोणाला तसदी न देता. ऑक्टोबरातली दुपार होती. हिवाळ्याआधी तळ्यातली होडी ओढून उलटी घालायची होती. तळ्याकाठच्या घराच्या पायरीवर बसून त्याने एक रबरी बूट पायात चढवला, दुसरा हातात घेतला, आणि तसाच राहिला. राइली कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा तो तळ्याकडे बघत होता, पण बघत नव्हता. तो दुसरा बूट तिने उचललाच नाही. हिवाळाभर तो पायरीवर आडवा पडून राहिला. बर्फ काढताना ती फावडं त्याच्या कडेकडेने फिरवायची. मे महिन्यात धोबी पक्ष्याच्या जोडीने त्या बुटात घरटं केलं आणि पाच पिल्लं काढली. अंत्यविधीला न रडलेली राइली त्या पिल्लांचा कलकलाट ऐकून पायरीवर बसून ढसाढसा रडली.

तिला हे लिहायचं होतं. एवढंच. पण कागद पुढे घेतला की हाताला लकवा भरे. म्हणून तिने इंटरनेटवर हौशी लेखकांचा एक कट्टा गाठला. कट्ट्याचं नाव 'फुटकी दौत'. दौत फुटकी असली तरी शाईला तोटा नव्हता. रोज इतकं लिहिलं जाई की वाचायला कोणी उरत नसे.

तिथे तिला तीन जिवलग मिळाले. औलूची हान्नेले, निवृत्त मुख्याध्यापिका. ती सहा वर्षं युद्धकाळातली कादंबरी लिहीत होती, म्हणजे युद्धापेक्षाही जास्त. तुर्कूचा तोर्स्ती, दातांचा डॉक्टर. त्याच्या रहस्यकथेत माणसं इतक्या सावकाश मरत की वाचकाची सुटका आधी व्हावी. आणि हेलसिंकीची सिल्या, बत्तीस वर्षांची कवयित्री. तिच्या कवितेत एका ओळीत एकच शब्द असे, आणि तोही कधीकधी नसे.

पहिल्याच हिवाळ्यात तिघांनीही राइलीला वेगवेगळं गाठून लिहिलं, "मन मोकळं कर. माझ्यापाशीच राहील." राइलीने केलं. बूट, पायरी, कॉफी, धोबी पक्षी, पाच पिल्लं, सगळं तिघांनाही सांगितलं. एका लेखकाने दुसऱ्याला 'मन मोकळं कर' म्हटलं की आधी दाराला कडी घालावी, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तीन वर्षं अशी मैत्री झाल्यावर हान्नेलेने टूम काढली की प्रत्यक्ष भेटायचं. प्रत्येकाने आपली सगळ्यात चांगली पानं आणायची आणि वाचायची. राइलीने आपलं तळ्याकाठचं घर देऊ केलं. तोवर तिने कशीबशी अकरा पानं खरडली होती. ती कोणालाही दाखवली नव्हती. आता या तिघांनी नुसतं 'लिही' म्हटलं तर आपला बूट कागदावर उभा राहील, असं तिला मनापासून वाटत होतं. ती आठवडाभर वेलचीचे पाव भाजत होती.

जूनच्या पहिल्या शनिवारी तिघे आले. कट्ट्यावर एकेकजण चाळीस ओळींचा निरोप धाडी. इथे कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. अर्धा तास चौघं कॉफीच्या कपात बघत बसले. शेवटी सिल्याने फोन काढला आणि कट्ट्यावर लिहिलं, "किती छान वाटतंय ना, भेटून!" बाकीच्या दोघांनी शेजारच्या खुर्चीवरून तिला हृदयाची चित्रं पाठवली.

पुढच्या पायरीवरून येऊ नका, मागून या, असं राइलीने आधीच कळवलं होतं, कारण बुटात यंदाही पिल्लं होती. तिघांनी लांबूनच बूट पाहिला.

"मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे," तोर्स्ती म्हणाला.

"माझ्याकडे तर डावा होता," हान्नेले पुटपुटली.

केवढा जीव लावलाय या लोकांनी, असं वाटून राइलीने तिघांना आणखी एकेक पाव वाढला. भोळेपणालाही काही सीमा असावी, पण तिच्या भोळेपणाला नव्हती.

मग वाचन सुरू झालं. पहिला मान हान्नेलेचा. तिच्या कादंबरीत सैनिक रजेवर येतो, पायरीवर बसतो, एका पायात बूट चढवतो आणि प्राण सोडतो. बायको कॉफी घेऊन बाहेर येते. वसंतात दुसऱ्या बुटात धोबी पक्षी घरटं करतो. राइलीच्या हातातली किटली जड झाली. हान्नेलेने डोळे पुसले आणि वर पाहिलं, तर तोर्स्ती लालबुंद झालेला.

"हा बूट माझा आहे," तो म्हणाला. "माझ्या प्रेताच्या एकाच पायात बूट आहे. दुसऱ्यात घरटं, आणि अंड्यांखाली तिजोरीची किल्ली!"

"तुझा कसा? मला राइलीने सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी सांगितलंय. माझ्याकडे निरोप आहे, तारखेसकट."

"तुम्ही दोघं गप्प बसा," सिल्या रडकुंडीला येऊन ओरडली. "मला नोव्हेंबरात सांगितलं! माझ्या त्यावर सतरा कविता झाल्यात!"

"पाच पिल्लांवर सतरा कविता? उरलेल्या बारा कोणाच्या?" तोर्स्ती म्हणाला.

"तू दातांत बोटं घाल जाऊन. कवितेत घालू नकोस."

तासभर हे चाललं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात हे राइलीने ऐकलं होतं. त्यासाठी भांडणारे आपल्याच टेबलावर बसलेत आणि त्यांना आपणच पाव वाढतोय, हे मात्र नवीन होतं. शेवटी तोर्स्तीने हात वर केला.

"आपण सुशिक्षित माणसं आहोत. सरळ वाटणी करू. बूट मला, खुनाला वस्तू लागते. पक्षी आणि पिल्लं सिल्याला. हान्नेलेला पायरी आणि कॉफी, तिची नायिका घरंदाज आहे."

"तळं?" हान्नेलेने विचारलं.

"तळं सामाईक."

तिघांनाही हे पटलं. माणूस गेल्यावर फिनलंडमध्ये त्याच्या मालमत्तेची यादी करायला तीन महिन्यांची मुदत असते. एस्कोची खरी यादी आज होत होती.

"आणि मला?" राइलीने विचारलं.

तिघांनी वळून पाहिलं. ती खोलीत आहे हे त्यांना आत्ता आठवलं.

"तुला काय?" तोर्स्ती म्हणाला.

"माझी अकरा पानं आहेत. त्यात बूट आहे."

हान्नेलेने तिचा हात हातात घेतला. मुख्याध्यापिका नापास पोराच्या आईचा घेते तसा. "अगं राइली, तू आता त्याला हात लावू नकोस. आमची पुस्तकं आली की लोक म्हणतील, हिने उचललं. मला ते बघवणार नाही गं."

"शिवाय तुझ्याकडे ते नुसतं घडलेलं आहे," सिल्या हळुवारपणे म्हणाली. "घडलेलं आणि लिहिलेलं यात फरक असतो. कल्पनाशक्ती लागते."

"तू शाळेच्या स्वयंपाकघरावर लिही ना," तोर्स्ती म्हणाला. "वाटाण्याचं सूप! त्यात केवढं तरी आहे."

राइलीला ओरडायचं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण सव्वीस वर्षं वाढून वाढून बाईची सवय मोडत नाही. नवऱ्याची वाटणी झाली होती आणि बायकोच्या पदरात सूपचं पातेलं पडलं होतं. ती एवढंच म्हणाली, "सौना तापलाय. चला."

सौना म्हणजे तळ्याकाठची वाफ घ्यायची लाकडी खोली. रीतीप्रमाणे बायका आधी. तोर्स्ती बाहेरच्या खोलीत सॉसेज कापत बसला, मधलं दार मात्र त्याने किलकिलं ठेवलं. आत फळीवर तिघी बसल्या. राइलीने चुलीवरच्या तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं, वाफ चरचरत उठली.

"रागावलीस का गं?" हान्नेलेने विचारलं.

"नाही," राइली म्हणाली. "मीच तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं."

बाहेरच्या खोलीत सुरी थांबली.

"एस्को बूट घालत नव्हता," राइली म्हणाली. "काढत होता."

हे वाक्य कुठून आलं ते तिला कळलं नाही. पुढचं काय येणार हेही ठाऊक नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलण्याची मजा आली.

"काढत होता? म्हणजे कुठून आला होता?" सिल्याने श्वास रोखून विचारलं.

"स्वीडनहून. उमेओहून. दर ऑक्टोबरात जायचा. मला सांगायचा, मासेमारी." राइलीने आणखी एक पळी टाकली. "तिचं नाव गुन्वोर."

"नाव काय म्हणालीस?" दाराच्या फटीतून तोर्स्तीचा आवाज आला. "पाणी नको टाकूस गं, ऐकू येत नाही!"

"गुन्वोर. लंगडायची. तिला एकच बूट लागायचा."

खरा एस्को स्टॉकहोमच्या बोटीवर जन्मात एकदा चढला होता आणि बंदर सुटायच्या आत ओकला होता. बर्फावरच्या हॉकीत स्वीडन जिंकलं की त्यांचं राष्ट्रगीत ऐकू येऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद करणारा माणूस तो. पण राइली आता थांबणार नव्हती. गुन्वोरला एक मुलगी झाली. मुलीला एस्कोचं नाक आलं. त्या दुपारी त्याच्या कोटाच्या खिशात परतीचं तिकीट सापडलं, ते राइलीने याच चुलीत जाळलं.

"मला चक्कर येतेय," म्हणून सिल्या उठली आणि बाहेर पळाली.

"माझं ब्लड प्रेशर," म्हणत हान्नेले तिच्या मागे गेली.

राइलीने फटीतून पाहिलं. तोर्स्ती वहीवर वाकलेला. हान्नेले टॉवेल सावरत सॉसेजच्या कागदावर लिहीत होती. सिल्याला कागद मिळाला नव्हता. ती चूल पेटवायला ठेवलेल्या बर्च झाडाच्या सालीवर लिहीत होती.

"हे खरं आहे," हान्नेले पुटपुटत होती. "ऐकताक्षणी कळतं, हे खरं आहे."

"बूट ठेव तुला," सिल्या तोर्स्तीला म्हणाली. "मला गुन्वोर हवी."

"गुन्वोर सामाईक!" तोर्स्ती ओरडला.

राइलीने दार लावून घेतलं. "एस्को, माफ कर हं," ती वाफेत म्हणाली. "तुला कोणीही चालली असती, स्वीडनची सोडून. पण त्यांना तीच पटली." आणि ती इतकी हसली की पळी हातातून पडली.

दुसऱ्या दिवशी तिघेही घाईने निघाले. वेलचीचे पाव तसेच राहिले. जाताना बुटाकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात राइली लिहायला बसली. खोटं इतकं सहज सुचतं हे कळल्यावर खऱ्याचं भय उरलं नव्हतं. अकराची चार पानं झाली. पुढच्या मे महिन्यात, धोबी पक्षी परत आले त्या सुमाराला, ती पानं गावच्या गुरुवारच्या वर्तमानपत्रात छापून आली. एका पायात बूट, थंड झालेली कॉफी, पाच पिल्लं. जसं घडलं तसं.

शुक्रवारी शाळेची सफाई करणारी बाई भटारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. सहा वर्षांत ती राइलीशी हवामानाखेरीज बोलली नव्हती. म्हणाली, "आमच्या ह्यांचा चष्मा मी अजून खिडकीतून उचललेला नाही." आणि बादली घेऊन गेली. राइलीने सूपचं घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

कट्ट्यावरही तिघांची मतं आली. भाषा साधी आहे, असं हान्नेलेने लिहिलं. थोडी कल्पनाशक्ती हवी होती, असं सिल्याने. तोर्स्तीने सगळ्यात लांब लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, "पण राइली, मित्र म्हणून सांगतो, तू खरं लपवलंस. वाचकाला ते जाणवतं. गुन्वोर कुठे आहे?"

राइलीने उत्तर टाकलं, "ती तुमच्या तिघांच्या वाटणीत गेली ना. मी माझा बूट ठेवला."